शेत, शाळा आणि ताट

लोणावळ्याजवळच्या डोंगरांत उगम पावलेली इंद्रायणी मावळातील भातखाचरांमधून पूर्वेकडे वाहत येते, देहूच्या देवळाजवळून जाते आणि आळंदीची वाट धरते. देहू आणि आळंदी या दोन तीर्थक्षेत्रांच्या दरम्यान, नदीच्या काठी तळवडे हे गाव वसलेले आहे. एके काळी हे शेतकऱ्यांचे गाव होते. पावसाळ्यात बाजरी, हिवाळ्यात ज्वारी, गहू व हरभरा आणि विहिरीच्या पाण्यावर थोडाफार भाजीपाला, अशी या भागातील शेतीची रीत होती. घरातील मुले सकाळी शाळेत जात आणि सायंकाळी आईबापांबरोबर शेतावर राबत. ताटात पडणारी भाकरी कोणत्या शेतातून आली, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नसे.

पुढे हा सारा परिसर पालटला. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. कालांतराने नदीपलीकडे चाकणच्या बाजूसही मोटारींचे मोठमोठे कारखाने आले. १९९७ साली तळवडे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले. आज तेथे यंत्रांचे सुटे भाग घडवणारे लहानमोठे कारखाने आहेत, संगणकावर काम करणाऱ्या कंपन्यांच्या उंच इमारती आहेत आणि त्यांच्या मधूनमधून अजूनही टिकून राहिलेले एखादे हिरवे शेत आहे.

कारखान्यांनी हजारो कुटुंबांना काम दिले. मराठवाड्यातून, विदर्भातून आणि दूरच्या परप्रांतांतूनही माणसे येथे आली. त्यांपैकी पुष्कळांनी आपली शेती मागे ठेवली आहे. ज्यांची शेती येथेच होती, त्यांच्यापैकीही अनेकांच्या जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत. यामुळे एक गोष्ट मात्र नकळत घडली. शेत आणि ताट यांच्यातील अंतर वाढत गेले. आजोबांना ढेकूळ हातात घेऊन जमिनीची ओल सांगता येत असे; नातवाला मात्र भुईमुगाच्या शेंगा जमिनीखाली लागतात की फांदीवर, असा प्रश्न पडतो. यात नातवाचा दोष नाही. त्याला ते पाहावयास मिळाले नाही, एवढेच.

हे अंतर पुन्हा कमी करता येईल काय? येईल, आणि त्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे शाळा होय. कारण दुपारची घंटा झाली, की शाळेतच मुलांच्या पुढे ताट येते.

*

शाळेत मिळणारे हे जेवण सहजासहजी सुरू झालेले नाही. उपाशी पोटी बसलेल्या मुलाच्या कानांवर शिक्षकांचे शब्द पडतात, पण ते मनात उतरत नाहीत, हे जाणत्या लोकांनी फार पूर्वीच ओळखले होते. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री के. कामराज यांनी १९५६ साली आपल्या राज्यातील गरीब मुलांसाठी शाळेत दुपारच्या जेवणाची योजना सुरू केली. पुढे १९९५ सालच्या १५ ऑगस्टपासून केंद्र सरकारने देशभर अशी योजना हाती घेतली. आरंभी अनेक राज्यांत मुलांना शिजवलेले अन्न न देता दरमहा धान्य घरी नेण्यासाठी देत असत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले अन्नच मिळाले पाहिजे. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला आणि शाळेतील जेवण हा मुलांचा हक्क ठरला. २०२१ साली या योजनेला ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना’ असे नाव देण्यात आले. महाराष्ट्रात ती शालेय पोषण आहार योजना म्हणून ओळखली जाते.

या जेवणाचे प्रमाणही ठरवून दिलेले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी. मोठ्या मुलाला या एका जेवणातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा असते.

आता एक साधा हिशेब करून पाहावा. एखाद्या शाळेत सहावी ते आठवीची दोनशे मुले आहेत. प्रत्येकास ७५ ग्रॅम भाजी द्यावयाची, तर दररोज १५ किलो भाजी लागते. शाळा वर्षात २२० दिवस भरते असे धरले, तर वर्षाला ३,३०० किलो, म्हणजे ३३ क्विंटल भाजी झाली. ही झाली एका शाळेची गरज. अशा कितीतरी शाळा गावोगावी आणि नगरोनगरी आहेत. एवढी भाजी कोणाच्या तरी शेतात पिकते, कोणीतरी ती तोडते, कोणीतरी वाहून आणते. परंतु ती कोणाच्या शेतातून आली, हे जेवणाऱ्या मुलांना ठाऊक नसते आणि ती कोणाच्या ताटात गेली, हे पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही ठाऊक नसते.

तांदळाची गोष्टही अशीच आहे. शाळेच्या जेवणासाठी केंद्र सरकारकडून तांदूळ मिळतो. तो पंजाब, छत्तीसगड यांसारख्या दूरच्या राज्यांतूनही येतो. दुष्काळी किंवा डोंगराळ भागातील मुलांनाही तो मिळावा, म्हणून ही व्यवस्था आवश्यकच आहे. पण तळवड्याच्या जवळून वाहणाऱ्या नदीचे नाव धारण करणारा एक तांदूळ आहे, हे तेथील मुलांना ठाऊक असते काय? सुगंधी आंबेमोहोर आणि भरघोस उत्पन्न देणारी ‘आय. आर. ८’ ही जात, या दोहोंच्या संकरातून १९८७ साली भाताची ‘इंद्रायणी’ ही जात प्रसारित करण्यात आली. मावळातील शेतकरी ती आवडीने लावतात. तिचा भात मऊ, किंचित चिकट आणि सुवासिक होतो. नदीच्या वरच्या खोऱ्यात हे भात पिकते आणि खालच्या काठावरील मुलांना त्याची वार्ताही नसते. शेत आणि ताट यांची ओळख तुटते ती अशी.

*

शेत, शाळा आणि ताट यांना एकत्र बांधण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे निरनिराळ्या जातींची गरीब मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकाच पंगतीत जेवत. ज्या काळात शिवाशिवीचा पगडा समाजावर घट्ट होता, त्या काळातील ही गोष्ट आहे. तेथील मुले स्वतः स्वयंपाक करीत, बागेत व शेतात काम करीत आणि त्या श्रमांच्या बळावर शिकत. एकदा वसतिगृहात पैशाची फार चणचण भासली, तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले; अखेरीस गळ्यातील मंगळसूत्रही दिले, परंतु मुलांना उपाशी ठेवले नाही. अन्न म्हणजे केवळ पोट भरण्याची वस्तू नव्हे, त्यामागे कोणाचे तरी श्रम आणि कोणाचा तरी त्याग असतो, हा धडा त्या वसतिगृहातील मुलांना पुस्तकावाचून मिळाला.

१९३७ साली वर्धा येथे शिक्षणाचा विचार करण्यासाठी एक परिषद भरली. तीत महात्मा गांधींनी ‘नयी तालीम’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या शिक्षणाची कल्पना मांडली. मुलाच्या हाताला काम मिळाले आणि त्या कामाच्या आधाराने त्याला भाषा, गणित व विज्ञान शिकवले, तर ते ज्ञान पक्के होते, असा त्या कल्पनेचा गाभा होता. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथे या रीतीने शाळा चालली. सूतकताई, शेती, स्वयंपाक आणि सफाई ही तेथील मुलांची कामेही होती आणि पाठही होते.

तळवड्यापासून फार दूर नसलेल्या एका गावीही असाच एक प्रयोग झाला. चाकणहून राजगुरुनगरास जाऊन पूर्वेकडे वळले, की शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव लागते. हा भाग कमी पावसाचा. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ या गावी येऊन राहिले. अमेरिकेत अन्नतंत्रशास्त्राचा अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेत आणि नंतर मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात त्यांनी काम केले होते. शहरात सुखाने राहणे त्यांना सहज शक्य होते. परंतु खेड्यातील मुले शाळा मध्येच का सोडतात, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. मूल मुळात हाताने काम करीत शिकते. शाळेने ती वाट बंद केली, म्हणून पुष्कळ मुलांना शिक्षण नीरस वाटते, असे त्यांचे मत होते. पाबळला त्यांनी ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला.

डॉ. कलबागांनी गावच्या शाळेतील आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक अभ्यासक्रम तयार केला. त्याचे नाव ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’. आठवड्यातील एक दिवस मुलांनी हाताने काम करावयाचे. सुतारकाम व जोडकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग होते. शेतीच्या तासाला मुले मातीची परीक्षा करीत, बियाणे उगवते की नाही ते तपासत, फितीने गाईच्या छातीचा घेर मोजून तिचे वजन काढीत आणि त्यावरून तिला किती चारा द्यावा याचा हिशेब करीत. आरोग्याच्या तासाला ती रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण तपासण्यास शिकत आणि ते कमी असेल, तर आहारात काय वाढवावे याचा विचार करीत. शेंगदाणे व गूळ घेऊन चिक्की बनवणे हा तर विज्ञान, आरोग्य आणि व्यवहार या तिन्ही विषयांचा पाठ असे. शेंगदाणे किती, गूळ किती, जळण किती, मजुरी किती आणि अखेर एका वडीची किंमत किती, हे सारे मुलांनी वहीत मांडावयाचे. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. परंतु त्यांनी लावलेल्या रोपाचा वृक्ष झाला. माध्यमिक शिक्षण मंडळाने त्या अभ्यासक्रमास मान्यता दिली आणि पाबळबाहेरच्या अनेक शाळांनीही तो स्वीकारला.

*

मातीशी मैत्री जोडण्याचे याहून सोपे साधन म्हणजे शाळेची परसबाग. २०१९ साली केंद्र सरकारने शाळाशाळांतून पोषणबागा तयार करण्याविषयी सूचना दिल्या. महाराष्ट्रातही अनेक शाळांच्या आवारात अशा बागा फुललेल्या दिसतात. त्यांसाठी मोठे शेतच हवे असे नाही. मोकळी जागा असेल, तर वाफे करावेत. नसेल, तर जुनी पिंपे, पोती आणि कुंड्या यांतही भाजी येते. शहरातील शाळेची गच्चीही त्यासाठी उपयोगी पडते. मात्र गच्चीला वजन पेलेल आणि पाणी झिरपणार नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.

बागेचे पहिले काम बी पेरण्याचे नसून बी तपासण्याचे असते. ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळून ठेवाव्यात. काही दिवसांनी त्यांपैकी आठ रुजल्या, तर ते बियाणे शेकडा ८० उगवणीचे आहे, असे समजावे. शेकडेवारीचा तास फळ्यावर होण्याऐवजी ओल्या फडक्यावर झाला, तर तो सहसा विसरला जात नाही.

मेथी तीन-चार आठवड्यांत तोडणीस येते. भेंडीला दीड महिना लागतो. वांगी आणि टोमॅटो यांची आधी रोपे तयार करावी लागतात आणि मग ती वाफ्यात लावावी लागतात. त्यांना त्याहूनही अधिक काळ लागतो. कढीपत्ता व शेवगा ही झाडे सावकाश वाढतात, पण एकदा वाढली की वर्षानुवर्षे देत राहतात. शेवग्याच्या शेंगा सर्वांना परिचित आहेत. परंतु त्याच्या पाल्याची भाजीही अत्यंत पौष्टिक असते. मेथी आज पेरली आणि उद्या खाल्ली, असे होत नाही, हे मुलांना बागेतच कळते. बाजारात दोन मिनिटांत मिळणाऱ्या जुडीमागे कितीतरी दिवसांची राखण असते.

वाटाणा, चवळी, घेवडा या शेंगवर्गीय पिकांची रोपे हळूच उपटून पाहिली, तर त्यांच्या मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र घेऊन झाडाला पुरवतात. म्हणून अशा पिकानंतर त्याच वाफ्यात पालेभाजी लावली, तर ती चांगली वाढते. आपल्याकडील शेतकरी धान्याचे पीक आणि कडधान्याचे पीक आलटून पालटून किंवा मिसळून घेत आले, त्याचे एक कारण हेच आहे. तांदूळ किंवा भाकरी यांच्या प्रथिनांत जे कमी पडते, ते डाळ भरून काढते. म्हणून वरणभात, भाकरी-पिठले आणि खिचडी हे आपले जुने पदार्थ शरीराला उत्तम पोसतात. शेतातील जोडी आणि ताटातील जोडी एकच आहे, हे पाहून मुलांना नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

स्वयंपाकघरातही असेच धडे दडलेले आहेत. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतली, तर तिच्यातील काही जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात. उसळीवर लिंबू पिळले, की त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे उसळीतील लोह शरीरात अधिक प्रमाणात शोषले जाते. पालेभाज्यांचे देठ व साली टाकून न देता खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर कुजवल्या, तर त्यांचे खत होते आणि ते पुन्हा वाफ्यात जाते. तांदूळ व डाळ धुतलेले पाणीही झाडांना घालता येते.

पाण्याचा विषय निघाला, म्हणजे तळवड्याच्या मुलांना आपल्या नदीकडे पाहावेच लागते. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांतील दूषित पाणी मिसळल्यामुळे इंद्रायणीच्या पात्रावर, विशेषतः आळंदीजवळ, पांढरा फेस तरंगताना अनेकदा दिसला आहे. अशा पाण्यावर वाढलेल्या भाजीत अपायकारक द्रव्ये उतरण्याचा धोका असतो. म्हणून बागेस कोणते पाणी घालावयाचे, माती कोठून आणावयाची आणि ती निर्मळ आहे की नाही, याची चौकशी आधी झाली पाहिजे. नदी मलिन झाली, तर तिचा परिणाम आपल्या ताटापर्यंत येतो, ही गोष्ट ज्या मुलाने वाफ्याजवळ उभे राहून जाणली, ते मोठेपणी कारखान्यात कामाला लागले, तरी मैलापाणी नदीत सोडताना दहा वेळा विचार करील.

*

तथापि, परसबागेची मर्यादाही ओळखली पाहिजे. दररोज १५ किलो भाजी देण्याचे सामर्थ्य शाळेच्या चार वाफ्यांत नसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालावयास कोणी नसले, तर बाग सुकून जाते. बाग ही शिकण्याची जागा आहे; शाळेचे कोठार भरावयाचे, तर जवळच्या शेतकऱ्याकडेच गेले पाहिजे.

शेतकऱ्याची अडचण कोणती? तो कोथिंबीर घेऊन बाजारात येतो, तेव्हा त्या दिवशी काय भाव मिळेल हे त्याला ठाऊक नसते. आवक थोडी असेल, तर बरा भाव मिळतो; सर्वांचाच माल एकदम आला, तर वाहतुकीचा खर्चही निघत नाही. चाकणची बाजारपेठ कांदा व बटाटा यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे कांद्याचे ढीग पाहावयास आणि लिलाव ऐकावयास एखाद्या सकाळी मुलांना नेले, तर पिकवणे जितके कठीण तितकेच विकणेही कठीण, हे त्यांच्या ध्यानी येईल. याउलट शाळेची गरज आधीच ठाऊक असते. सोमवारी किती मुले जेवणार आणि बुधवारी कोणती भाजी होणार, हे ठरलेले असते. असे नेमके आणि नियमित गिऱ्हाईक शेतकऱ्याला मिळाले, तर त्याची चिंता पुष्कळ कमी होईल.

पण हे जुळवणे वाटते तितके सोपे नाही. शेतात भाजी एकदम तयार होते. शाळेस ती दररोज थोडीथोडी लागते. म्हणून सारे शेत एकाच दिवशी न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडेथोडे पेरावे लागते. एका शेतकऱ्याला जे साधत नाही, ते पाच-दहा शेतकऱ्यांच्या गटाला साधते. भाव आधी ठरला पाहिजे आणि पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत. कारण लहान शेतकऱ्याला उधारी परवडत नाही. शेतकऱ्यानेही आपली बाजू सांभाळली पाहिजे. फवारणी केल्यावर जितके दिवस थांबावयाचे असते, तितके दिवस थांबूनच त्याने भाजी तोडली पाहिजे. मोठ्या शहरांत पुष्कळ शाळांचे जेवण एकाच सामाईक स्वयंपाकघरातून येते. तेथे मुलांना चूल आणि पातेलेही दिसत नाही. परंतु अशा स्वयंपाकघराने जवळच्या गावांतील शेतकऱ्यांच्या गटाशी करार केला, तर एकाच वेळी अनेक शाळांचा संबंध शेताशी जोडला जाईल.

परदेशांतही हा विचार रुजला आहे. ब्राझील देशाने २००९ साली कायदा करून ठरवले, की शाळेच्या जेवणासाठी केंद्र सरकार जो पैसा देते, त्यातील निदान शेकडा ३० भाग लहान शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यासाठी खर्च झाला पाहिजे. जपानने २००५ साली अन्नशिक्षणाचाच एक स्वतंत्र कायदा केला. तेथील शाळांत मुले पांढरे अंगरखे घालून पाळीपाळीने एकमेकांस वाढतात. जेवण हा शाळेच्या अभ्यासाचा भाग आहे, असे तेथे मानतात. आपल्याकडील योजनेनेही २०२१ सालापासून स्थानिक धान्य व भाज्या वापरण्यास आणि त्यासाठी शेतकऱ्यांच्या संस्था व महिला बचत गट यांचे साहाय्य घेण्यास उत्तेजन दिले आहे. नियम झाला आहे. तो प्रत्यक्ष आचरणात आणण्याचे काम गावाने, शाळेने आणि शेतकऱ्याने मिळून करावयाचे आहे.

तळवड्याच्या परिसरातील उरलेली शेते पुढे टिकतील की नाही, हे कोणास निश्चित सांगता येणार नाही. कारखाने हवेत, रस्ते हवेत आणि घरेही हवीत. परंतु कारखान्यात काम करणाऱ्या हातांनाही दोन वेळा अन्न लागते आणि ते मातीतूनच येते. शेताला नियमित गिऱ्हाईक मिळाले, तर शेत विकण्याआधी शेतकरी एकदा थांबून विचार करील. शाळेच्या ताटात त्याची भाजी जाऊ लागली, तर त्या भाजीबरोबर त्याचा मानही शाळेत जाईल. आणि ज्या मुलाने स्वतः पेरलेली मेथी उगवताना पाहिली आहे, ते ताटात अन्न टाकून उठणार नाही.

दुपारची घंटा होते. मुले ओळीने हात धुऊन बसतात. कोणाचे वडील कारखान्यात आहेत, कोणाचे रिक्षा चालवतात, कोणाचे अजूनही नांगर धरतात. पंगत मात्र एकच असते. समोरच्या ताटात भात, आमटी आणि भाजी वाढली जाते. अशा वेळी एखाद्या मुलाने शेजाऱ्यास विचारावे, “ही भाजी कोणाच्या शेतातली?” आणि शेजाऱ्याला त्या शेतकऱ्याचे नाव सांगता यावे. ज्या दिवशी हे घडेल, त्या दिवशी शेत, शाळा आणि ताट यांच्यातील अंतर खऱ्या अर्थाने मिटले, असे म्हणता येईल.

स्वाध्याय

१. तळवडे गावाचे रूप कसकसे पालटत गेले? त्याचा शेत आणि ताट यांच्या संबंधावर कोणता परिणाम झाला?

२. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांना पुस्तकावाचून कोणता धडा मिळाला?

३. पाबळच्या मुलांनी चिक्की बनवताना कोणकोणते विषय शिकून घेतले?

४. कारणे द्या :
 (अ) शेंगवर्गीय पिकानंतर पालेभाजी चांगली वाढते.
 (आ) केवळ परसबागेवर शाळेचे जेवण चालू शकत नाही.
 (इ) शेतात भाजी एकाच दिवशी न पेरता थोडीथोडी पेरावी लागते.

५. तुमच्या शाळेत जेवणाऱ्या मुलांची संख्या विचारून घ्या आणि एका दिवसाला किती धान्य, डाळ व भाजी लागते याचा हिशेब करा.

६. दहा बिया ओल्या फडक्यात ठेवून त्यांच्या उगवणीचे शेकडा प्रमाण काढा.

७. आज तुमच्या घरी शिजलेली भाजी कोठून आली, याची बाजारात किंवा भाजीवाल्या मावशींकडे चौकशी करा आणि ती माहिती दहा ओळींत लिहा.